नारायणराव पेशव्यांच्या वधाचा अनिर्णीत प्रश्न व रत्नागिरी जिल्हा

१. प्रश्नाचें स्वरूप

शके १६९५ विजयनाम संवत्सरीं, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, सोमवारीं, म्हणजे तारीख ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, पुण्याच्या शनवारवाड्यांत दोनप्रहरच्या सुमारास नारायणराव पेशव्याचा गारद्यांनीं वध केला. मारणारे हात कोणाचे, हें त्याच सायंकाळीं सर्व पुणें शहरास कळलें. मारण्याची आज्ञा कोणाची, हें मात्र अडीचशें वर्षें होऊन गेलीं तरी निर्णयास लागलेलें नाहीं.

या प्रश्नाचें जें उत्तर लोकांत रूढ आहे, तें ‘ध’चा ‘मा’ एवढ्या तीन अक्षरांत सांठविलेलें आहे. रघुनाथरावानें ‘नारायणरावास धरावें’ असा कागद गारद्यांस लिहून दिला. त्याची पत्नी आनंदीबाई हिनें ‘ध’ काढून तेथें ‘मा’ केला. आणि धरावयास आलेले लोक मारते झाले, अशी ती कथा आहे. ती बखरींतून इतिहासांत, इतिहासांतून रंगभूमीवर आणि तेथून नित्याच्या बोलण्यांत उतरली. आज कागदपत्रांतील लबाडीस मराठी माणूस सहज ‘ध’चा ‘मा’ म्हणतो, आणि तसें म्हणतांना एका स्त्रीवर खुनाचा आरोप पुन्हां एकदां शाबीत करून टाकतो. या आरोपास पुरावा काय आहे, व तो पुरावा कसाला लावला असतां काय शिल्लक उरतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रकरण पुण्यांत घडलें खरें. परंतु रत्नागिरी जिल्ह्याचा त्याच्याशीं संबंध वाटतो त्याहून पुष्कळ निकटचा आहे. जिच्यावर आरोप आहे ती आनंदीबाई गुहागरच्या ओकांची कन्या. वधानंतर ज्यानें राज्याची सूत्रें हातीं घेऊन गुन्हेगारांचा पाठलाग केला, तो नाना फडणीस मूळचा वेळासच्या भानूंच्या घराण्यांतला. ज्यांच्या दप्तरांत त्या काळचीं अस्सल पत्रें सांपडतात, ते पटवर्धन सरदार मूळचे कोतवड्याचे. तें दप्तर ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपानें छापून काढणारे वासुदेवशास्त्री खरे यांचा जन्म गुहागरचा, आणि या सर्व साधनांचा उपयोग करून ‘मराठी रियासत’ लिहिणारे गोविंद सखाराम सरदेसाई गोविलचे. याखेरीज वधामुळें राज्यांत जी अस्थिरता माजली तिचा एक मोठा स्फोट रत्नागिरीच्या किल्ल्यांतूनच झाला. त्याचा वृत्तान्त पुढें येईल. येणेंप्रमाणें आरोपी, तपास करविणारा, पत्रें राखणारे व पत्रें वाचणारे असे चारहि पक्ष या एका किनाऱ्याशीं बांधलेले असल्यामुळें, या प्रकरणाची छाननी करण्याचें ऋण या जिल्ह्याच्या अभ्यासकांवर विशेष आहे असें आम्ही मानतों.

२. पूर्ववृत्त

थोरले माधवराव तारीख १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें वारले. त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव यास १३ डिसेंबर रोजीं साताऱ्यास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. त्याचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा. म्हणजे वस्त्रें मिळालीं तेव्हां तो सतरा वर्षांचा होता, व मारला गेला तेव्हां त्यास अठरावें वर्ष पुरें होऊन अवघे वीस दिवस झाले होते. कारभार सखारामबापू बोकिलाकडे होता; नाना फडणीस व हरिपंत फडके हीं माणसें पेशव्याच्या विश्वासांतलीं होतीं.

चुलता रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब यास राज्याची हांव जुनी होती. माधवरावांनीं त्यास बळानें व युक्तीनें आवरून धरिलें. नारायणरावाच्या अंगीं तें बळ नव्हतें व ती युक्तीहि नव्हती. अखेर ११ एप्रिल १७७३ रोजीं दादास कैदेंत टाकण्यांत आलें. पण ही कैद कोणत्या दूरच्या किल्ल्यावर नव्हती, शनवारवाड्यांतच होती. कैद करणारा व कैदी एका छपराखालीं राहत होते, दोघांचे खिजमतगार एकाच चौकांतून ये-जा करीत होते, आणि वाड्यावरील पहाऱ्याचे गारदी दोघांसहि परिचित होते. पुढें जें घडलें त्याची शक्यता या एका गोष्टींतच होती.

असंतोषाचीं कारणें एकच नव्हतीं. गारद्यांचा पगार तुंबला होता व त्यासाठीं त्यांचा तगादा चालला होता. प्रभु ज्ञातीच्या ग्रामण्याच्या वादांत नारायणरावानें घेतलेल्या कडक धोरणामुळें ती मंडळी दुखावली होती. नागपूरकर भोसल्यांच्या घरांत जानोजीच्या मागें मुधोजी व साबाजी यांचा तंटा लागला होता. मुधोजीचा ओढा दादाकडे होता, आणि त्याचे वकील व्यंकटराव काशी व लक्ष्मण काशी गुप्ते हे बंधु दादाच्या सुटकेच्या खटपटींत होते. सखाराम हरि गुप्ते हा तर दादाचा निस्सीम पक्षपाती. तात्पर्य, दादास सोडवून गादीवर बसवावें असें इच्छिणारीं माणसें निरनिराळ्या हेतूंनीं एकत्र आलीं होतीं. ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. कारण कटांत हेतु अनेक असले, म्हणजे कटाचा शेवट एकाच्याच इच्छेप्रमाणें झाला असें गृहीत धरतां येत नाहीं.

३. वधाचा दिवस

त्या दिवशीं सकाळीं नारायणराव पर्वतीस गेला होता. कुलाब्याचा रघूजी आंगरे त्या सुमारास पुण्यांत होता, व त्यानें पेशव्यास सावधगिरीची सूचना दिली असें वृत्त आहे. पेशव्यानें हरिपंत फडक्यास बंदोबस्त करण्यास सांगितलें. हरिपंत भोजनास गेला. बंदोबस्त नंतर व्हावयाचा होता. त्या दोन घटकांतच काम उरकलें.

पगाराच्या निमित्तानें गारदी वाड्यांत घुसले. सुमेरसिंग, खरकसिंग व महंमद इसफ हे त्यांचे म्होरके. आड आले त्यांस त्यांनीं कापून काढिलें; इच्छारामपंत ढेरे याच गर्दींत ठार झाला. नारायणराव जीव घेऊन चुलत्याच्या दालनाकडे धांवला व त्यास मिठी घालून प्राणरक्षणाची याचना करूं लागला. दादाचा खिजमतगार तुळाजी पवार यानें त्यास ओढून वेगळें केलें. चापाजी टिळेकर हा पेशव्याचा इमानी सेवक निःशस्त्र असतां धन्याच्या अंगावर आडवा पडला, आणि दोघेहि तरवारीखालीं पडले. त्याच रात्रीं पेशव्याच्या देहाचें दहन करण्यांत आलें.

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ‘काका, मला वांचवा’ हे शब्द आज घरोघर माहीत आहेत. परंतु ते ऐकणारे कोण होते? नारायणराव मेला, चापाजी मेला. उरले दादा, तुळाजी व गारदी. म्हणजे त्या दालनांत काय बोलणें झालें, याचे साक्षीदार एकजात आरोपीच होते. बाहेरच्या लोकांनीं जें लिहिलें तें ऐकीव. मुंबईकर इंग्रजांचा वकील टॉमस मॉस्टिन त्या वेळीं पुण्यांतच होता, व त्याची रोजनिशी १९३४ सालीं छापून प्रसिद्ध झालेली आहे. परंतु वाड्याच्या भिंतीआड तोहि नव्हता. ज्या खुनाचे सर्व जिवंत साक्षीदार आरोपीच आहेत, त्या खुनांत आज्ञा कोणाची हा प्रश्न शेवटपर्यंत अवघड राहावा, यांत नवल नाहीं.

४. रामशास्त्र्यांची चौकशी

वधानंतर दादानें कारभार हातीं घेतला. राज्याचा धनी तोच व संशयितहि तोच, अशा स्थितींत न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी आरंभिली. सुमारें सहा आठवडे ती चालली. तिच्या अंतीं रामशास्त्र्यांनीं दादास दोषी ठरविलें, व या पातकास देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाहीं असें त्याच्या तोंडावर सांगून, त्याच्या राज्यांत पाऊल न ठेवण्याच्या निश्चयानें पुणें सोडून ते वाईकडील एका खेड्यांत जाऊन राहिले. दादानें आळेगांवच्या मुक्कामीं १० ऑक्टोबर १७७३ रोजीं पेशवाईचीं वस्त्रें धारण केलीं.

कटाचा विस्तार केवढा होता हें सरदेसायांनीं दिलेल्या आंकड्यांवरून दिसतें. एकंदर ४९ माणसें दोषी आढळलीं: १३ गारदी, २६ ब्राह्मण, ३ प्रभु व ७ मराठे. ही संख्या बारकाईनें पाहण्यासारखी आहे. गारदी तेरा, तर ब्राह्मण त्यांच्या दुप्पट. परकी, भाडोत्री गारद्यांनीं पेशवा मारला ही समजूत या आंकड्यांपुढें टिकत नाहीं. तरवार गारद्यांची, पण मसलत घरांतली. आणि मसलतींत छत्तीस माणसें गारद्यांबाहेरचीं असतां, मारण्याचा विचार त्यांपैकीं कोणाच्याहि मनांत आला नव्हता व तो एकट्या आनंदीबाईस सुचला, हें मानणें कठीण आहे.

रामशास्त्र्यांच्या निर्णयाविषयीं दुसरी गोष्ट अशी, कीं तो निर्णय दादावर आहे. अक्षर फिरविल्यामुळें दादाचा दोष कमी झाला असें त्यांनीं मानिलें नाहीं. देहान्त प्रायश्चित्त सांगितलें तें दादास. अक्षर फिरविणाऱ्यास नव्हे.

५. ‘ध’चा ‘मा’ : कथेचा आधार

आतां त्या कागदाकडे वळूं. छापील इतिहासांत ही कथा सर्वदूर पसरली ती ग्रँट डफच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासामुळें. डफ साताऱ्यास कांहीं वर्षें इंग्रजांचा अधिकारी होता व त्यानें पुष्कळ कागद व तोंडी माहिती मिळविली होती. तो म्हणतो, कीं दादानें पुतण्यास धरण्याचा अधिकार दिल्याचें कबूल केलें, मारण्याची आज्ञा दिल्याचें नाकारिलें, आणि रामशास्त्र्यांस मागाहून मिळालेल्या मूळ कागदांत ‘धरावें’ या शब्दाचा ‘मारावें’ केलेला आढळला. पण हा बदल आनंदीबाईनें केला, हें सांगतांना डफ कागदाचा आधार देत नाहीं. सार्वत्रिक समजूत तशी आहे, एवढेंच म्हणतो. म्हणजे दोन विधानें आहेत व त्यांचें वजन सारखें नाहीं. कागदांत फेरफार होता हें एक. तो आनंदीबाईचा होता हें दुसरें. पहिल्यास रामशास्त्र्यांच्या नांवाचा आधार सांगितला जातो. दुसऱ्यास लोकवार्तेखेरीज कांहीं नाहीं. पुढील लेखकांनीं हीं दोन विधानें एकत्र शिवून टाकिलीं, आणि पहिल्याचें वजन दुसऱ्यास आपोआप मिळालें.

डफचा ग्रंथ वधानंतर ५३ वर्षांनीं निघाला. मधल्या काळांत पेशवाईच बुडाली होती. तो मूळ कागद कोणाहि संशोधकाच्या हातीं आलेला नाहीं. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग सरदेसायांच्या देखरेखीखालीं निघाले, त्यांतहि तो नाहीं. तेव्हां आज आपणांस कागद तपासतां येत नाहीं. कागदाविषयींची कथाच तेवढी तपासतां येते. ती तीन बाजूंनीं तपासून पाहूं.

पहिली बाजू लिपीची. असा कागद त्या काळीं मोडींत असावयाचा. मोडी लिहिणारा आधीं शिरोरेघ आंखतो व तिच्याखालीं लेखणी शक्य तों न उचलतां अक्षरें ओढीत जातो. ‘ध’ काढून ‘मा’ करावयाचा म्हणजे एक अक्षर खोडून दुसरें बसविणें एवढेंच नव्हे. पूर्वीं जेथें काना नव्हता तेथें काना घालावयास जागा करावी लागते. एकमेकांस लागून आलेल्या अक्षरांच्या ओळींत, पुढील ‘रा’ न बिघडवितां हें करणें अशक्य नसलें तरी लपून राहण्यासारखें नाहीं. ज्या कागदावर पेशव्याचा जीव अवलंबून आहे त्यांतील नेमका मुख्य शब्दच खोडलेला असतां, सुमेरसिंगासारख्या लढवय्यानें किंवा त्यास तो वाचून दाखविणाऱ्या कारकुनानें त्याविषयीं पुन्हां विचारलें नाहीं, असें मानावें लागतें.

दुसरी बाजू प्रसंगाची. डफनेंच दिलेल्या हकीकतीप्रमाणें पुतण्यानें मिठी मारली तेव्हां दादानें सुमेरसिंगास त्यास सोडण्याविषयीं सांगितलें. त्यावर सुमेरसिंगानें जें उत्तर दिलें त्याचा आशय असा, कीं एवढें करून चुकल्यावर आतां स्वतःचा नाश ओढवून घेण्यास मी तयार नाहीं. त्यास सोडा, नाहीं तर त्याच्याबरोबर तुम्हीहि मराल. ही हकीकत खरी मानिली तर तिच्यांत एक मोठी गोष्ट आहे. ज्याच्या हातीं ‘मारावें’ असा लेखी हुकूम आहे, तो मनुष्य अशा वेळीं हुकूम पुढें करील; ‘तुम्हींच लिहून दिलें, आतां कां अडवितां?’ असें विचारील. सुमेरसिंग हुकुमाचें नांवहि घेत नाहीं. तो आपल्या जिवाचें कारण सांगतो. म्हणजे अक्षर फिरविल्याची कथा ज्या ग्रंथांतून आली, त्याच ग्रंथांतील दालनाचा प्रसंग त्या कथेस दुजोरा देत नाहीं.

तिसरी बाजू लाभाची. ही कथा कोणास सोईची होती? बारभाईंस ती सोईची नव्हती. दादा खुनी ठरण्यांतच त्यांचें हित होतें. ती सोईची होती दादास व त्याच्या पक्षास. ‘आम्हीं धरावयास सांगितलें, मारावयास नव्हे’ या बचावास ‘मग मारिलें कसें?’ हा प्रश्न ताबडतोब येतो, आणि त्याचें उत्तर ‘कोणीं अक्षर फिरविलें’ हें होय. पुढें दादाचाच मुलगा दुसरा बाजीराव १७९६ पासून १८१८ पर्यंत पेशवाईवर होता. त्या काळांत बापाचा दोष हलका करणारी वार्ता पसरण्यास अडथळा नव्हता. आईच्या मांथ्यावर दोष आला तो या वार्तेचा दुसरा भाग म्हणून. राजकारणांत लक्ष घालणारी, नवऱ्याच्या पाठीशीं उभी राहिलेली व विरोधकांस अप्रिय झालेली स्त्री अशा दोषास सहज पात्र ठरते. आनंदीबाई १७९४ त मरण पावली. तिची या बाबतींत कोणीं न्यायासनापुढें चौकशी केली नाहीं, व तिला उत्तर देण्याचा प्रसंगहि आला नाहीं.

नाटकांनीं व चित्रपटांनीं पुढील काम केलें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘भाऊबंदकी’ नाटक १९०९ सालचें, आणि प्रभातचा ‘रामशास्त्री’ हा बोलपट १९४४ सालचा. नाटककारास खलनायिका लागते हा त्याचा दोष नव्हे. पण रंगभूमीवरील शिक्षा इतिहासकारानें निकालपत्र म्हणून स्वीकारूं नये.

६. चार उत्तरें

मारण्याचा निश्चय कोणाचा, याचीं चार उत्तरें संभवतात.

पहिलें, स्वतः दादाचा. त्यास अनुकूल गोष्टी अशा: लाभ सर्वस्वीं त्याचा होता, तुळाजी त्याचा सेवक होता, वधानंतर त्यानें मारेकऱ्यांस शासन न करतां जवळ केलें. प्रतिकूल गोष्ट ही, कीं त्याच्या स्वभावांत उतावळेपणा व चंचलपणा पुष्कळ असला तरी, धरण्याचा हुकूम दिल्याची त्याची कबुली व मारण्याचा इनकार हीं दोन्ही एकाच वेळचीं सांगितलीं आहेत, व त्याच्या शत्रूंच्या देशांतहि लोकमत त्या इनकारास अनुकूल होतें असें डफ नमूद करितो.

दुसरें, आनंदीबाईचा. त्याविषयीं वर सांगितलेंच आहे.

तिसरें, कटांतील इतर पुढाऱ्यांचा. सखाराम हरि व नागपूरकरांचे वकील यांचा डाव धरपकडीवर संपणारा नव्हता. नारायणराव जिवंत कैदेंत राहिला असता तर जो खेळ ते दादासाठीं खेळले तोच दुसऱ्या कोणीं नारायणरावासाठीं खेळला असता. खुद्द सखारामबापूस कटाची कुणकुण आधीं होती असाहि संशय व्यक्त झालेला आहे.

चौथें, गारद्यांचा, व तोहि ऐन वेळचा. गोहत्या व ब्रह्महत्या यांस भिणाऱ्या शहरांत, खुद्द पेशव्याच्या वाड्यांत माणसें कापून झाल्यावर, पेशवा जिवंत राहिला तर आपली धडगत नाहीं, हें त्यांस उघड दिसत होतें. सुमेरसिंगाच्या तोंडीं घातलेलें उत्तर या चौथ्या पक्षास तंतोतंत जुळतें.

आमच्या मतें उपलब्ध साधनांवरून चौथ्या उत्तराकडे वजन अधिक झुकतें, आणि तुळाजी पवार हा दादाचा मनुष्य पुढें होऊन मिठी सोडवितो यामुळें तिसऱ्या उत्तरास त्यांत वाव राहतो. दुसऱ्या उत्तरास अस्सल पुराव्याचा आधार नाहीं. पहिलें उत्तर शाबीत होत नाहीं. पण तें शाबीत न झाल्यानें दादा निर्दोषी ठरतो, असें मात्र नव्हे. पगारासाठीं चवताळलेल्या सशस्त्र टोळीस जो आपल्या धन्यास धरावयास धाडतो, त्यानें ‘धरावें’ म्हटलें कीं ‘मारावें’ म्हटलें, हा भेद व्याकरणाचा उरतो. रामशास्त्र्यांनीं तो भेद ओळखला, व तरीहि दोष कमी केला नाहीं, हेंच त्यांच्या न्यायाचें मर्म आहे.

७. निकाल कां लागला नाहीं

नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके, त्र्यंबकमामा पेठे इत्यादिकांनीं बारभाईंचें कारस्थान उभारिलें. नारायणरावाची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदरास नेऊन ठेविलें. तेथें १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवरावाचा जन्म झाला. गारद्यांचा पाठलाग करण्यांत या सरकारनें कसूर केली नाहीं. खरकसिंग व तुळाजी पवार हैदराच्या आश्रयास गेले होते, तेथूनहि ते परत आणविले व त्यांस देहान्त शासन केलें. परंतु शासन हा सूड होऊं शकतो. उलगडा होत नाहीं. मारणारे एकेक करून संपले, आणि ‘कोणाच्या सांगण्यावरून?’ या प्रश्नाचें उत्तर देऊं शकणारीं तोंडें त्यांच्याबरोबर मिटलीं. कारस्थानाच्या प्रमुखांपैकीं एकावर संशय, व दुसऱ्यांस दादाचा दोष हवा असलेला. असल्या सरकारच्या कैदेंत दिलेली जबानी कितीहि स्पष्ट असली तरी इतिहासकारानें ती सावधपणेंच घेतली पाहिजे.

मुख्य संशयित न्यायासनापुढें उभा राहिलाच नाहीं. दादा इंग्रजांकडे गेला व ६ मार्च १७७५ रोजीं सुरतेस तह करून साष्टी व वसई देऊं करता झाला. त्यांतून जें युद्ध पेटलें तें १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहानें थांबलें. त्या तहांत दादास दरमहा पंचवीस हजार रुपये नेमणूक ठरली. ज्यास १७७३ त देहान्त प्रायश्चित्त सांगितलें होतें त्याचें प्रकरण नऊ वर्षांनीं तहाच्या एका कलमांत मिटलें. डिसेंबर १७८३ त तो कोपरगांवीं वारला.

याच काळांतील रत्नागिरीचें प्रकरण तुलनेसाठीं पाहण्यासारखें आहे. पानपतावर १७६१ त नाहींशा झालेल्या सदाशिवराव भाऊचें सोंग घेणारा सुखनिधान नांवाचा कनोजा ब्राह्मण माधवरावांच्या वेळींच तोतया ठरून कैदेंत पडला होता, व रत्नागिरीच्या किल्ल्यांत होता. १७७६ च्या आरंभीं तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानें त्यास सोडून ‘भाऊसाहेब’ म्हणून पुढें केलें. पेशवा दोन वर्षांचें मूल, कारभाऱ्यांत फूट, व दादा इंग्रजांच्या आश्रयास. अशा वेळीं लोकांस कोणीतरी कर्ता पुरुष हवा होता. कोंकणांतील किल्ले भराभर तोतयाच्या स्वाधीन झाले, व तो बोरघाट चढून राजमाचीपर्यंत गेला. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं त्याचा मोड केला. समुद्रमार्गानें निसटत असतां रघूजी आंगऱ्यानें त्यास धरिलें. ज्या आंगऱ्याची सूचना १७७३ त वेळेवर कामीं आली नाहीं, त्याच्याच हातून हें काम झालें. पुण्यास आणून पंचांकरवीं तोतयाची ओळख पटविण्यांत आली, व १८ डिसेंबर १७७६ रोजीं त्यास देहान्त शासन झालें.

दोन्ही प्रकरणांतील अंतर उघड आहे. तोतयाचें खरें नांव काय, हें राज्यानें चारचौघांत शोधून काढिलें, कारण त्यास पाठीशीं घालणारें कोणतेंहि प्रबळ दरबार नव्हतें. पेशव्याच्या खुनाचा खरा सूत्रधार कोण, हें शोधतां आलें नाहीं, कारण संशयित हा प्रथम राज्याचा धनी, मग इंग्रजांचा पाहुणा, आणि शेवटीं तहाचा वेतनदार होता. प्रश्न अनिर्णीत राहिला तो पुरावा अगदींच नव्हता म्हणून नव्हे. पुरावा ताजा होता तेव्हां तो ऐकण्यास नि:पक्षपाती व समर्थ असें न्यायासन उरलें नव्हतें म्हणून. एकटे रामशास्त्री नि:पक्षपाती होते, समर्थ नव्हते. बारभाई समर्थ होते, नि:पक्षपाती नव्हते.

८. उपसंहार

येणेंप्रमाणें विचार करतां आमचीं अनुमानें अशीं आहेत. (१) नारायणरावास धरण्याचा कट दादाच्या संमतीनें झाला, याविषयीं संशय नाहीं. (२) मारण्याची लेखी आज्ञा कोणीं दिल्याचा अस्सल पुरावा पुढें आलेला नाहीं. (३) आनंदीबाईनें अक्षर फिरविल्याची कथा समकालीन कागदावर नव्हे, तर मागाहून नमूद झालेल्या लोकसमजुतीवर उभी आहे, व प्रसंगाच्या हकीकतीशीं ती जुळत नाहीं. (४) म्हणून तो आरोप इतिहासांत सिद्ध म्हणून लिहूं नये. वार्ता म्हणून लिहावा. म्हण भाषेंत राहिली तरी हरकत नाहीं. म्हणींना साक्षीपुरावा लागत नाहीं, निकालाला लागतो.

आनंदीबाईचें समर्थन करणें हा या लेखाचा हेतु नाहीं. तिच्या राजकारणाचे दोष ज्यानें त्यानें पुराव्यानिशीं दाखवावे. परंतु गुहागरच्या या मुलीस ज्या एका अपराधासाठीं सारा महाराष्ट्र ओळखतो, तोच अपराध अद्याप शाबीत व्हावयाचा आहे, एवढें तरी तिच्या जिल्ह्यानें सांगावें, हें न्यायाचें आहे.

या दिशेनें पुढें जावयाचें तर कागद हवेत. पटवर्धनी दप्तरानें जो प्रकाश पाडला तसा आणखी प्रकाश कोंकणांतील जुन्या घरांच्या माळ्यांवरील रुमालांतून पडणें असंभवनीय नाहीं. गुहागर, वेळास, कोतवडें, तसेंच पेशवाईंत कारकुनीस व शिलेदारीस देशावर गेलेल्या इतर गांवच्या घराण्यांनीं आपल्याकडील मोडी कागद, हिशेबाच्या वह्या व खाजगी पत्रें वाळवीच्या स्वाधीन न करतां अभ्यासकांस दाखवावीं, अशी आमची विनंती आहे. १७७३ च्या भाद्रपदापासून पुढील दोन-तीन महिन्यांतलें, पुण्याहून घरीं लिहिलेलें एखादें साधें खुशालीचें पत्रहि या प्रश्नास नवें वळण देऊं शकेल. तें पत्र वरील अनुमानांच्या विरुद्ध निघालें, तर तें छापण्यास आम्ही अधिकच उत्सुक राहूं.